खोली लहान, वाडी मोठी

१९६९ साली गिरगावातल्या खटाव वाडीत काही तरुण लेखक जमले आणि त्यांनी ‘सत्यकथा’ मासिकाची होळी केली. राजा ढाले त्यांच्यात पुढे होते. सायक्लोस्टाइल केलेली, पैसे जमतील तेव्हा निघणारी लघुअनियतकालिके चालवणारी ही पिढी. ‘सत्यकथे’ची अभिरुची आपल्या जगण्याला दारातच अडवते, असा तिचा आरोप होता. भांडण साहित्याचे होते, पण ते पेटले एका वाडीत, कारण ‘सत्यकथा’ जिथे छापले जाई तो मौज प्रिंटिंग ब्यूरो तिथे होता. मराठी नवकथा आणि नवकविता जिथून छापून बाहेर पडली, ती जागा नोकरदारांच्या बिऱ्हाडांना खेटून होती.

गिरगावात असेच होत आले. मराठी माणसाच्या सार्वजनिक आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी या एवढ्याशा टापूत घडल्या. पश्चिमेला चर्नी रोड स्टेशन आणि त्यापलीकडे चौपाटी, पूर्वेला सी. पी. टँक, दक्षिणेला ठाकूरद्वार, उत्तरेला ऑपेरा हाऊस आणि खेतवाडी. भरभर चालणारा माणूस अर्ध्या तासात हा टापू पालथा घालतो. इथेच इतके सारे का घडले, याचे उत्तर बरेचसे इथल्या घरांच्या आकारात आहे. खोल्या इतक्या लहान होत्या की माणसांना जगण्यासाठी खाली उतरावे लागे. खाली वाडी होती, चौक होता, सभेची जागा होती, छापखाना होता, नाटकगृह होते.

चाळी येण्याआधी गिरगाव म्हणजे वाड्या, आणि वाडी म्हणजे बागायत. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे अजून पाट्यांवर आहेत. दुसरी नावे मालकांची: आंग्रेवाडी, झावबाची वाडी, उरणकर वाडी. पाठारे प्रभू, भंडारी, आगरी आणि किनाऱ्यावरचे ख्रिस्ती हे इथले जुने रहिवासी. कोट इथून दूर नाही, तरी इंग्रजांच्या तटबंदीबाहेरचे हे गाव बराच काळ माडांच्या सावलीतच राहिले.

त्या काळाची खूण म्हणून खोताची वाडी उरली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत नावाच्या पाठारे प्रभू जमीनदाराने इथले भूखंड ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. त्यांनी लाकडी कठड्यांची, पुढे ओसरी आणि बाहेरून जिना असलेली टुमदार घरे बांधली. ही माणसे मूळ इथलीच. पोर्तुगीज काळात ती ख्रिस्ती झाली, आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात त्यांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले, म्हणजे गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे दिसावे. त्यांची घरातली बोली मात्र मराठीचीच. एकेकाळी वाडीत साठ-पासष्ट घरे होती, आता निम्मीही नाहीत. मासळीच्या जेवणासाठी नाव काढलेली अनंताश्रम खानावळ याच वाडीत होती, तीही बंद झाली. गिरगाव म्हणजे फक्त कोकणातून आलेल्या हिंदू मध्यमवर्गाची वस्ती, असे समजणाऱ्याने खोताच्या वाडीतून एक फेरी मारावी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटू लागले. नाना शंकरशेट याच भागातले. मुलींच्या शाळेला वाड्यातली जागा देणारे, रेल्वे मुंबईत यावी म्हणून झटणारे, ग्रँट रोडवर नाटकशाळेला जमीन देणारे नाना म्हणजे या बदलाचे पहिले मोठे नाव. त्याच ग्रँट रोडच्या नाटकशाळेत १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने तिकीट लावून मराठी खेळ केले. तिकडे कोट परिसरात सरकारी कचेऱ्या, बँका, रेल्वे आणि व्यापारी पेढ्या वाढत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येणारी माणसे हवी होती. रत्नागिरी, मालवण, गोवा, अलिबाग इथून ती बोटीने येऊ लागली आणि गिरगावात उतरू लागली, कारण इथून कचेरीला चालत जाता येई.

बागा तोडून मालकांनी चाळी बांधल्या. पुढे एक लांब गॅलरी, तिच्यावर उघडणारी ओळीने बिऱ्हाडे, टोकाला मोरी आणि सामाईक संडास. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे, शिवाय गावाहून शिकायला किंवा नोकरी शोधायला आलेला एखादा भाचा. १८९६ मध्ये प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्ती कापत सँडहर्स्ट रोड काढला गेला. तोच आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. रस्ते रुंद झाले तरी खोल्या तेवढ्याच राहिल्या.

एकट्या आलेल्या माणसाला या खोलीत स्वयंपाक करणे परवडत नसे, जमतही नसे. म्हणून खानावळी आणि उपाहारगृहे आली. पणशीकरांचे दुकान १९२१ सालचे. पीयूष, साबुदाण्याची खिचडी, उपासाचे पदार्थ ही घरची चव त्यांनी विकायला मांडली. वीरकर आणि विनय हेल्थ होम ही नावेही जुन्या गिरगावकराला पत्ता सांगायला उपयोगी पडतात. ही ठिकाणे चैनीसाठी निघाली नव्हती, घराचे जेवण ज्यांना मिळत नव्हते त्यांच्यासाठी निघाली होती.

घरात जागा नाही म्हटल्यावर सणही घरात मावत नाही. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मुंबईतल्या पहिल्या सार्वजनिक गणपतींत त्याची गणना होते. १९०१ मध्ये लोकमान्य टिळक तिथे येऊन गेले. चाळीने आपला उत्सव आजही साधा ठेवला आहे: लहान मूर्ती, पालखी, बेताची आरास. पलीकडे निकदवरी लेनमध्ये १९२८ पासून बसणारा ‘गिरगावचा राजा’ आकाराने उंच, पण शाडूच्या मातीचा. दोन्ही गणपती एकाच वस्तीचे. उत्सवाच्या दहा दिवसांत चौकाचे सभागृह होई. मेळे, व्याख्याने, एकांकिका आणि मध्यरात्र उलटून गेली तरी चालणारे गाणे. वरच्या गॅलरीतून ते फुकट ऐकता येई. अनेक घरांतल्या मुलांनी पहिला खयाल तिकीट काढून नव्हे, कठड्याला हनुवटी टेकून ऐकला.

याच चौकातून राजकारणही झाले. शांतारामाच्या चाळीचे नाव होमरूल चळवळीच्या काळात सगळ्या मुंबईला ठाऊक होते. टिळक, जिना, गांधी या चाळीतल्या सभांत बोलले. खाली माणसे उभी, वर तीन-चार मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या. व्यासपीठाभोवती श्रोत्यांच्या आपोआप रांगा लागाव्यात, अशी ही रचना कोणा वास्तुविशारदाने सभेसाठी आखली नव्हती. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात टिळक गेले तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात झाले नाहीत. लोकांनी त्यांना चौपाटीच्या वाळूवर नेले. १९३३ पासून तिथे त्यांचा पुतळा उभा आहे. याच चौपाटीवर २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संयुक्त महाराष्ट्रवाद्यांनी उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या.

गिरगाव सनातनी होते, असे अनेकांना वाटते. ते खरे आहे, पण अर्धेच. डॉ. जॉन विल्सन यांची शाळा १८३२ मध्ये याच भागात सुरू झाली आणि पुढे चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची इमारत उभी राहिली. १८६७ मध्ये आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. रानडे आणि भांडारकर ज्या समाजाचे, त्याचे मंदिर गिरगावात आहे. मूर्तिपूजा न मानणाऱ्या या मूठभर सुधारकांचे नाव आज एका गजबजलेल्या नाक्याला आहे, आणि बसमधले प्रवासी ‘एक प्रार्थना समाज’ म्हणून तिकीट काढतात. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. काशीबाई कानिटकर त्या समारंभाच्या अध्यक्ष होत्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या बाया कर्वे. सोवळे जपणारी घरे आणि विधवांना शिकवणारे सदन ही हाकेच्या अंतरावर होती. म्हणून इथले वाद फक्त पुस्तकी राहिले नाहीत. ज्यांच्याशी वाद घालायचा ती माणसे रोज नळावर आणि रस्त्यावर भेटत.

मात्र गिरगावचे सर्वांत मोठे देणे कोणते, असे विचारले तर सिनेमा असे सांगावे लागेल. चौपाटीवर १९०१ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. गणितातल्या यशाचा गौरव ही आपल्याकडच्या पहिल्या बातमीपटांतली एक बातमी, हे विसरू नये. पुढे १९१०-११च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, असे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले. चित्रपट त्यांनी दादरला काढला, पण दाखवायला तो परत गिरगावात आला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांसमोर आणि ३ मे १९१३ पासून सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला. परदेशी खेळांना सरावलेले प्रेक्षक हरिश्चंद्राची गोष्ट पडद्यावर पाहत होते, आणि ती गोष्ट त्यांना कीर्तनातून पाठ होती.

अठरा वर्षांनी, १४ मार्च १९३१ रोजी, मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. म्हणजे आपला पहिला मूक कथापट आणि पहिला बोलपट, दोन्हींचा पहिला प्रेक्षक गिरगावात बसला होता. आज कॉरोनेशन नाही, ऑलिंपिया नाही, अमेरिका-इंडिया नाही. मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे. फाळक्यांनी ज्या जागी ख्रिस्त पाहिला आणि जिथे हरिश्चंद्र दाखवला, त्या जागा ओळखू येतील अशा खुणा तरी तिथे ठळक असायला हव्यात. दुसऱ्या एखाद्या देशाने तिथे संग्रहालय उभारले असते.

मॅजेस्टिकचे नाव वेगळ्या रीतीने टिकले. १९४२ मध्ये केशवराव कोठावळे यांनी त्या चित्रपटगृहालगत पुस्तके विकायला सुरुवात केली, आणि तो ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’ झाला. पुढे मॅजेस्टिक प्रकाशन आले आणि १९६४ पासून ‘ललित’ मासिक. खटाव वाडीत मौज, फणसवाडीच्या बाजूला इतर प्रकाशक, शिवाय पोथ्या, स्तोत्रे आणि पंचांगे छापणारी दुकाने. मराठी पुस्तक लिहिणारा कोठेही राहत असो, त्याला हस्तलिखित घेऊन गिरगावात यावे लागे. आणि इथे फक्त मराठीच छापले जात नव्हते. सी. पी. टँकच्या हिराबागेत नाथूराम प्रेमी यांचे हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय होते. हिंदी वाचकाला चांगली पुस्तके पुरवणारी ही संस्था १९१२ पासून मुंबईच्या या गल्लीतून चालली. सँडहर्स्ट रोडवरच राज भुवनात १९४०च्या दशकात कम्युनिस्ट पक्षाचे मुख्यालय होते, तिथूनही पुस्तके आणि पत्रके देशभर जात.

गाण्याचेही तसेच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०८ मध्ये आपले गांधर्व महाविद्यालय मुंबईत आणले आणि त्यासाठी सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत बांधली. कर्जापायी ती पुढे हातची गेली. पण त्यांचे शिष्य बा. र. देवधर यांनी १९२५ मध्ये ऑपेरा हाऊसजवळ आपली शाळा काढली. निरनिराळ्या घराण्यांचे गवई तिथे येत, गात आणि बोलत. लहान वयाचा कुमार गंधर्व याच शाळेत वाढला. एका घराण्याच्या चौकटीत न मावणारी त्याची गायकी समजून घ्यायची तर ही शाळा लक्षात घ्यावी लागते. मोगूबाई कुर्डीकरही गिरगावातल्याच. ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते झाले. साहेबासाठी बांधलेल्या त्या रंगमंचावर पुढे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि नीट दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा. डॉ. अ. ना. भालेराव यांनी तो नाटकासाठी झटून उभा केला. १९६४ मध्ये बंदिस्त नाट्यगृह झाले, त्याआधी नाटके उघड्यावर होत. शिवाजी पार्क, विलेपार्ले आणि ठाणे पुढे आले तोवर मराठी नाटकाची खरी परीक्षा केळेवाडीतच होई.

हे सगळे मनापासून आठवावे असेच आहे. पण या वस्तीचा गौरव करताना दोन गोष्टी झाकू नयेत. पहिली म्हणजे, चौकात उतरायची मोकळीक सगळ्यांना सारखी नव्हती. पुरुष सभेला जात, मुले खेळायला जात. बायकांच्या वाट्याला पहाटेचे पाणी, मोरीची पाळी आणि सामाईक संडासाची रांग येई. दुसरी गोष्ट जातीची. कोणाला खोली द्यायची हे मालक आडनाव ऐकून ठरवी. कित्येक चाळी एकेका जातीच्याच होत्या. गिरणी कामगार लालबाग-परळला, दलित वस्त्या त्याहून वेगळीकडे. गिरगावने घडवलेली मराठी संस्कृती मोठी होती, पण तिच्या श्रोत्यांच्या रांगा आधीच ठरलेल्या होत्या. खटाव वाडीत जी होळी झाली, तिच्यामागे हेही होते. बाहेरून आलेले तरुण वाडीत शिरले, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मराठी साहित्याचा नकाशा खरोखर बदलला. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाले.

तोवर चाळीही खचत चालल्या होत्या. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. त्या काळात महायुद्धानंतरची टंचाई होती, लोंढे येत होते. भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण कायदा तसाच राहिला. महिन्याला पाच-पंचवीस रुपये घेणारा मालक छप्पर कशाला दुरुस्त करील? त्याने पागडी घेऊन खोल्या फिरवल्या आणि भिंती तशाच सोडल्या. १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून घरदुरुस्ती मंडळ काढले. लाकडी टेकू आले, गॅलऱ्यांना लोखंडी आधार आले. मुले शिकली, लग्ने झाली, आणि एका खोलीत दोन संसार मावेनात. बोरिवली, डोंबिवली, विरार, ठाणे असे करत गिरगावकर पांगले. ऑपेरा हाऊसच्या आसपास हिऱ्यांचा व्यापार आला आणि तोही पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात गेला.

आता वस्तीत दोन मोठी कामे चालू आहेत. एक जमिनीखालचे, जवळपास संपलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत सुरू झाली. गिरगाव आणि काळबादेवी या स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. त्यांतल्या रहिवाशांनी याच वस्तीत घरे मिळावीत म्हणून आंदोलन केले, आणि पुनर्वसन गिरगावातच करायचे ठरले. त्यांचा हट्ट योग्यच होता. दुसरे काम जमिनीवरचे, गिरगावकर ज्याला ‘तेहतीस सात’ म्हणतात त्या नियमाखालचे. उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती पाडून भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर आणि बिल्डरला विकायला वरचे मजले. ज्या बाईने चाळीस वर्षे रांगेत उभे राहून बादली भरली, तिला स्वतःचे न्हाणीघर मिळते, याचा आनंद मानायलाच हवा. चाळ तशीच राहावी असे म्हणायचा हक्क चाळीत न राहणाऱ्याला नाही.

पण करारात मोजली जाते ती खोली. गॅलरी, चौक, मंडपाची जागा, तळमजल्यावरचे वाचनालय, व्यायामशाळा आणि मंडळाची खोली यांचे चौरस फूट सहसा कोणी मागतच नाही. उंच इमारतीखाली गाड्या लागतात, आणि गणपतीला रस्त्यावर मंडप घालावा लागतो. गिरगावने शंभर वर्षे जे दिले ते या न मोजलेल्या जागेतून दिले. ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास अजून व्हायचा आहे, त्यांनी सहीपूर्वी एक कलम जरूर घालून घ्यावे: तळमजल्यावर, रस्त्याकडून आत येता येईल असे, रहिवाशांच्या संस्थेच्या मालकीचे एक सभागृह आणि त्यापुढे मोकळा चौक. आणि तो चौक या वेळी इमारतीतल्या बायकांना आणि कुठल्याही आडनावाच्या शेजाऱ्याला सारखाच खुला राहील, हेही त्याच कलमात लिहून घ्यावे.